स्वतःच्या जबाबदारीवर

बाइकवाल्यांच्या कुठल्याही व्हॉट्सअॅप ग्रुपवर ट्रॅक डेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास येतं: ‘ट्रॅक रस्त्यापेक्षा सेफ असतो.’ घरच्यांना समजवायला ते वापरतात, ऑफिसातल्या काळजीवाहू मंडळींना गप्प करायला वापरतात आणि आदल्या रात्री झोप लागत नसली की स्वतःलाही ऐकवतात. मी गेल्या तीन वर्षांत चार ट्रॅक डे केलेत. वाक्य खोटं नाही असं माझं मत आहे. पण ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून आपण ते फेकतो, तो प्रश्न बहुतेक वेळा वेगळाच असतो.

ट्रॅक डे म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पैसे भरायचे आणि आपलीच गाडी किंवा बाइक दिवसभर रेसिंगच्या ट्रॅकवर चालवायची. शर्यत नसते, बक्षीस नसतं, प्रेक्षकही नसतात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास इंटरनॅशनल सर्किट आहे, कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे आणि ग्रेटर नॉयडात बुद्ध सर्किट आहे, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन आली होती. पुण्या-मुंबईची बरीच मंडळी चेन्नई गाठतात. वीस-वीस मिनिटांची पाच-सहा सेशन, मध्ये सावलीत बसून पाणी पिणं, टायरला हात लावून बघणं आणि समोरच्याची बाइक आपल्यापेक्षा भारी कशी याची चर्चा. एवढाच कार्यक्रम.

आता हिशेब. चेन्नईच्या ट्रॅकची एक फेरी साधारण ३.७ किलोमीटरची. दिवसभरात सगळ्या फेऱ्या मिळून दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर होतात, म्हणजे पुण्याहून मुंबईला गेल्यासारखं. फरक इतकाच, की कुठेच पोचत नाही. पण पुण्याहून त्या ट्रॅकपर्यंत जायलाच अकराशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे आणि तेवढंच परत यायचं. काही जण हा सगळा प्रवास बाइकवरच करतात. रात्री हायवेला लागतात, टेललाइट नसलेल्या ट्रॉलीमागून, उलट्या दिशेने येणाऱ्या ट्रॅक्टरसमोरून जातात आणि सकाळी ट्रॅकवर पोचल्यावर हेल्मेटची तपासणी होते तेव्हा म्हणतात, ‘आता खरी रिस्क सुरू.’

रिस्क मोजायला एक एकक आहे, मायक्रोमॉर्ट. रोनाल्ड हॉवर्ड या अमेरिकन प्राध्यापकाने ते रुळवलं. एक मायक्रोमॉर्ट म्हणजे मरण्याची दहा लाखांत एक शक्यता. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. लोकसंख्या १४२ कोटी धरली तर दर दहा लाखांमागे साधारण १२०. म्हणजे तुम्ही-आम्ही काहीही विशेष न करता, नुसतं या देशात राहून, दर तीन दिवसांनी एक मायक्रोमॉर्ट रस्त्याला देतो. त्या मृत्यूंत सत्तर टक्क्यांहून जास्त अतिवेगामुळे झाले असं तोच अहवाल म्हणतो आणि मेलेल्यांत सगळ्यात मोठा गट दुचाकीवाल्यांचा आहे.

या अहवालात राष्ट्रीय महामार्ग आहेत, राज्य महामार्ग आहेत, ‘इतर रस्ते’ आहेत. रेसिंग ट्रॅक हा रस्ताच नाही, म्हणून त्याचा रकाना नाही. मी दिवसभर डॅशबोर्ड बनवतो. त्या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते: ज्याचा रकाना नसतो तो आकडा शून्य आहे असं लोक धरून चालतात. ‘ट्रॅकवर कुणी मेलेलं ऐकलंय का?’ हा युक्तिवाद त्याच जातीचा. रस्त्यावर कोट्यवधी माणसं रोज असतात. ट्रॅकवर शे-दोनशे, तीही महिन्यातून एखाद-दुसऱ्या शनिवार-रविवारी. तुलना करायची तर दर तासामागे करा, नाहीतर दर किलोमीटरमागे. नुसती बातम्यांची संख्या मोजून काही कळत नाही.

म्हणून मग यंत्राकडे बघावं. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात. कुत्रं नाही, डिव्हायडर नाही, स्पीडब्रेकर नाही, फोनवर बोलत वळणारा रिक्षावाला नाही. वळणाबाहेर मोकळी जागा असते, पडलात तर घसरत जायला. दर काही अंतरावर झेंडा घेतलेला मार्शल असतो. अँब्युलन्स आधीपासूनच उभी असते. चामड्याचा सूट, पाठीचा गार्ड, बूट, ग्लव्हज सक्तीचे असतात. ताम्हिणीत रविवारी सकाळी सहाला जी पोरं गुडघा टेकवायचा प्रयत्न करतात, त्यांच्याकडे यातलं एकही नसतं. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरला तर आपण कुणाच्या सरावाचा भाग आहोत याची कल्पनाही नसते.

पण त्याच ट्रॅकवर एक गोष्ट रस्त्यापेक्षा जास्त असते, ती म्हणजे वेग. आणि अकरावीच्या फिजिक्समधला तो वर्ग इथे चुकत नाही. वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ती ऊर्जा कुठेतरी जावी लागते. ब्रेक लावले तर डिस्कमध्ये उष्णता होऊन, नाहीतर तुमच्या हाडांत. ताज्या डॉट ४ ब्रेक फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. पण हे द्रव हवेतलं पाणी शोषतं आणि पुरेसं पाणी मुरलं की तोच बिंदू १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. ऑफिसला जाण्या-येण्यात हे कधीच कळत नाही. ट्रॅकवर सहाव्या-सातव्या फेरीत, लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, लिव्हर नेहमीपेक्षा जास्त आत जातो तेव्हा कळतं. दोन पावसाळे तेच फ्लुइड वापरणाऱ्या माणसाला धोका त्या वळणापासून नसतो, गॅरेजला न गेलेल्या त्या दोन वर्षांपासून असतो.

कारवाल्यांचं आणखी गमतीशीर. साध्या गाडीत हौसेने चार पट्ट्यांचा रेसिंग हार्नेस बसवतात आणि छताखाली रोल केज मात्र बसवत नाहीत. गाडी उलटली आणि छत दबलं, तर साध्या बेल्टमध्ये माणूस निदान बाजूला कलंडू शकतो. हार्नेसमध्ये तो ताठ बसलेला राहतो, थेट छताच्या वाटेत. अर्धी सुरक्षा कधीकधी शून्यापेक्षा वाईट असते. सॉफ्टवेअरमध्येही असंच होतं, पण तिथे फक्त सर्व्हर पडतो.

आता त्या वाक्याचा दुसरा अर्थ. ‘ट्रॅकवर शिकलं की रस्त्यावर माणूस सेफ होतो.’ हे इतकं पटण्यासारखं आहे की कुणी तपासायला जात नाही. अमेरिकेत ते तपासलं गेलं. १९७४ साली विल्यम्स आणि ओनील या संशोधकांनी रेसिंगचं लायसन्स असलेल्या लोकांचा सार्वजनिक रस्त्यावरचा रेकॉर्ड बाकीच्यांशी ताडून पाहिला. रेसिंगवाल्यांचे अपघात जास्त निघाले आणि वेगाचे चलानही जास्त. गाडीवरचा हात त्यांचा नक्कीच चांगला असणार. पण रस्त्यावरचे बहुतेक अपघात हात कमी पडल्याने होत नाहीत. ते होतात घाई, झोप, दारू, मोबाइल आणि ‘मला जमतं’ या पाच गोष्टींनी. ट्रॅक पहिल्या चारांवर काहीच करत नाही आणि पाचवी वाढवतो. रेसिंगमुळे माणूस तसा होतो की तसाच माणूस रेसिंगकडे जातो, हा वाद त्या अभ्यासाने मिटत नाही. तरी निदान ‘मी रस्त्यावर सेफ व्हावं म्हणून ट्रॅकवर जातो’ हे कारण घरी सांगणं मी सोडून दिलंय.

मग नैतिक बाजूने ट्रॅकच्या पारड्यात काय उरतं? माझ्या मते एकच गोष्ट उरते, पण ती मोठी आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात, कल्याणीनगरला, भरधाव पोर्शने एका दुचाकीला उडवलं. त्या दुचाकीवरचे दोघं आयटीतले होते, वयाने माझ्याहून थोडे लहान. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असा आरोप आहे आणि त्याला सुरुवातीला जामीन देताना अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट घातली होती. (हा निबंध त्याहून मोठा आहे आणि मला कुणी अट घातलेली नाही.) त्या दोघांनी कसलीही जोखीम पत्करली नव्हती. ते घरी चालले होते. वेगाची हौस कुणाच्या तरी अंगावर जाणार असेल, तर ज्याची हौस त्याच्याच अंगावर जावी, ही ट्रॅकमागची खरी कल्पना आहे. ट्रॅक मला सेफ ठेवतो हा दावा कच्चा आहे. ट्रॅक इतरांना माझ्यापासून सेफ ठेवतो हा बऱ्यापैकी पक्का आहे.

बऱ्यापैकी म्हणालो, कारण ‘इतर’ ट्रॅकवरही असतात. ५ मार्च १९७७ ला दक्षिण आफ्रिकेत क्यालामीच्या शर्यतीत एक गाडी बाजूला थांबली आणि तिने थोडा पेट घेतला. समोरच्या बाजूचे दोन मार्शल ट्रॅक ओलांडून धावले. त्यांतला फ्रेडरिक यान्सन फान व्हुरेन एकोणीस वर्षांचा होता, हातात अग्निशामक नळकांडं. चढावापलीकडून टॉम प्राइसची गाडी आली. त्याला मार्शल दिसणं शक्यच नव्हतं. दोघंही जागच्या जागी गेले, प्राइस त्या नळकांड्याच्या आघाताने. पुढे २००० साली मोंझाला आणि २००१ साली मेलबर्नला फॉर्म्युला वनच्या शर्यतीत उडालेल्या चाकांनी एकेक मार्शल गेला. दोघंही स्वयंसेवक होते. स्वखुशीने आले होते हे खरं. पण माझी खुशी आणि त्यांची खुशी एकाच मापाने कशी मोजायची? मला त्या वळणाचा आनंद मिळतो, त्यांना ऊन मिळतं.

मागच्या वर्षी दक्षिणेतल्याच एका ट्रॅकवर पाचव्या सेशनमध्ये एक जण पडला. खांद्याचं हाड गेलं, बाकी ठीक होता. अँब्युलन्स त्याला घेऊन गेली आणि दुसरी येईपर्यंत आयोजकांनी ट्रॅक बंद ठेवला. नियम तसाच असायला हवा. उभी अँब्युलन्स नसेल तर सेशन नाही. जवळजवळ पाऊण तास गेला. पंधरा मिनिटांनी कुरकुर सुरू झाली. विसाव्या मिनिटाला एकाने मोठ्याने विचारलं, ‘बॉस, एवढे पैसे भरलेत, त्याचं काय?’ मला त्याचा राग आला नाही, नवल वाटलं. सकाळी हाच माणूस सगळ्यांना सांगत होता की ट्रॅक सेफ असतो. ट्रॅक सेफ असतो याचा अर्थच हा पाऊण तास. बाकी नुसतं डांबर आहे.

डांबरावरची ही सेफ्टी आपोआप आलेली नाही, आणि ती आणणाऱ्यांना भित्रे म्हटलं गेलंय. १९६६ मध्ये बेल्जियमच्या स्पा सर्किटवर पावसात जॅकी स्टुअर्टची गाडी रस्त्याबाहेर गेली. तो आत अडकला, पेट्रोल अंगावर सांडत होतं. ग्रॅहम हिल आणि बॉब बाँडुरंट या दोघा स्पर्धकांनी एका प्रेक्षकाकडून पाना मागून आणला आणि स्टिअरिंग काढून त्याला बाहेर ओढलं. पंचवीस मिनिटं लागली. त्यानंतर स्टुअर्ट स्वतःचा पाना गाडीत चिकटवून ठेवायचा. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. सीटबेल्ट, पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट, चांगले अडथळे, ट्रॅकवर डॉक्टर यांसाठी तो वर्षानुवर्षं भांडला. खेळातली मजा घालवतोय असं त्याला पत्रकार सुनवायचे, ट्रॅकचे मालक सुनवायचे. तो तीनदा विश्वविजेता होता. म्हणजे भीतीने बोलत होता म्हणायला जागा नव्हती, तरीही म्हटलं गेलं.

दहा वर्षांनी, १ ऑगस्ट १९७६ ला, जर्मनीच्या न्यूरबुर्गरिंगवर निकी लाउडा जळाला. त्या ट्रॅकची एक फेरी तेव्हा जवळजवळ २३ किलोमीटरची होती. एवढ्या लांबीवर पुरेसे मार्शल ठेवणं अशक्य, म्हणून तिथे शर्यतच नको असं लाउडाने ड्रायव्हरांच्या बैठकीत मांडलं होतं. एका मताने तो हरला आणि मग मुकाट्याने शर्यतीत उतरला. त्याला आगीतून बाहेर काढलं ते मागून आलेल्या स्पर्धकांनी. सहा आठवड्यांनी तो पुन्हा गाडीत बसला, ही गोष्ट सगळे सांगतात. त्याच वर्षीच्या शेवटच्या शर्यतीत, जपानला, भर पावसात त्याने दोन फेऱ्यांनंतर गाडी आत आणली आणि उतरला. विजेतेपद एका गुणाने गेलं. ही गोष्ट मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. त्या न्यूरबुर्गरिंगवर आज कुणीही तिकीट काढून स्वतःची गाडी नेऊ शकतो. जाहिरातीत तो स्वर्ग असतो. कायद्याने मात्र तेव्हा तो एकेरी वाहतुकीचा टोल रस्ता असतो आणि तिथे जर्मनीचे वाहतूक नियम लागू असतात.

स्टुअर्ट आणि लाउडा जे सांगत होते त्यात एक साधा फरक लपलाय. एक धोका खेळातच असतो: ओल्या डांबरावर चाक सुटणं, अंदाज चुकणं. दुसरा धोका कुणाच्या तरी आळसाचा किंवा कंजुषीचा असतो: वळणाबाहेरचा खांब, रिकामं नळकांडं, न आलेला डॉक्टर. माणूस पहिल्याला हो म्हणतो आणि दुसरा त्याच्या गळ्यात फुकट पडतो. कायद्यालाही हा फरक माहीत आहे. लॉ करणारा मित्र असेल तर त्याला हॉल विरुद्ध ब्रुकलँड्स विचारा. १९३० साली इंग्लंडच्या त्या ट्रॅकवर दोन गाड्या एकमेकींना लागल्या, एक कठडा ओलांडून प्रेक्षकांत गेली. कोर्टाने ट्रॅकला जबाबदार धरलं नाही, कारण पुरेशी काळजी घेतलेली होती आणि उरलेला धोका तिकिटाबरोबर पत्करलेला होता. सगळं वजन त्या ‘पुरेशी काळजी घेतलेली होती’वर आहे. ते काढलं तर निकाल उलटा.

आणि आता तो फॉर्म. ट्रॅक डेला सकाळी सात वाजता, झोपाळलेल्या डोळ्यांनी, तुम्ही एका कागदावर सही करता: मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे. कुणीही वाचत नाही. वाचेल कसा, आम्ही सगळे दिवसभर ‘आय अॅग्री’वर टिचकी मारून जगणारे. मी स्वतः असे चौकोन स्क्रीनवर बसवलेत. वापरणाऱ्याने मजकूर वाचावा अशी अपेक्षा बनवणाऱ्याचीही नसते. पण संमती म्हणजे नुसती सही नव्हे, काय पत्करतोय ते माहीत असणं. आज अँब्युलन्स किती आहेत, मार्शलना प्रशिक्षण आहे का, तिसऱ्या वळणावरची वाळू कधी उकरली होती, हे आयोजकाला माहीत असतं, मला नसतं. ज्याला माहीत आहे तो जबाबदारी ज्याला माहीत नाही त्याच्या सहीवर ढकलतो. फॉर्म बेकायदा आहे असं मी म्हणत नाही. तो उलट्या बाजूने लिहिलाय एवढंच म्हणतो. त्यावर आधी आयोजकाची सही हवी.

आपल्याकडे दहीहंडीवर हाच वाद दहा वर्षं चालला. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उंची वीस फुटांवर आणली आणि अठराखालच्यांना बंदी केली. २०१७ मध्ये उंचीची अट गेली आणि वय चौदा ठरलं. खालच्या थरातला दणकट गडी काय करतोय हे त्याला कळतं, असं आपण मानू शकतो. पण सगळ्यात वर कोण चढतं? वजनाने सगळ्यात हलका, म्हणजे वयानेही बहुधा सगळ्यात लहान. सर्वांत जास्त पडण्याची उंची ज्याची, त्याचीच संमती सर्वांत कच्ची.

मोटरस्पोर्टमध्ये हे चित्र फार वेगळं नाही. २०२३ साली चेन्नईच्या त्याच सर्किटवर शर्यतींमध्ये दोन मृत्यू झाले. जानेवारीत ५९ वर्षांचे अनुभवी ड्रायव्हर के. ई. कुमार. ऑगस्टमध्ये बेंगळुरूचा एक तेरा वर्षांचा मुलगा. पहिल्या बातमीने मी हळहळलो. दुसरीने माझ्या डोक्यातला युक्तिवाद मोडला. ‘त्याने स्वतः निवडलं’ हे वाक्य मला कुमारांबद्दल म्हणता येतं. तेरा वर्षांच्या पोराबद्दल तोंडातून निघत नाही. लहानपणी सुरुवात केल्याशिवाय जागतिक दर्जाचे रायडर घडत नाहीत, हे मला मान्य आहे. पण २०२१ च्या एकाच मोसमात युरोपात चौदा, पंधरा आणि एकोणीस वर्षांचे तीन रायडर गेले, तेव्हा या खेळाच्या जागतिक संघटनेलाही विश्वविजेतेपदाच्या स्पर्धांची वयोमर्यादा २०२३ पासून अठरावर न्यावी लागली. पोराच्या फॉर्मवर आई-बापाची सही असते. ती सही कुणासाठी पुरेशी आहे, मला खरंच सांगता येणार नाही. मी ती करणार नाही.

जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये लिहिलं की जोवर दुसऱ्याला इजा होत नाही तोवर प्रौढ माणसाच्या वागण्यात समाजाने हात घालू नये. कॉलेजात हे वाचलं तेव्हा फार आवडलं होतं, आजही आवडतं. पण आपल्या घरांत ‘दुसरा’ कुठे सुरू होतो ते सापडत नाही. माझ्या फ्लॅटच्या हप्त्यावर बाबांचीही सही आहे. गाडीच्या पॉलिसीत स्पष्ट लिहिलेलं असतं की आयोजित रेसिंग आणि स्पीड टेस्टिंगला संरक्षण नाही. ट्रॅक डे त्यात बसतो की नाही यावर विमावाल्याशी वाद घालायची वेळ आली तर तो घालायला मी असेनच असं नाही. म्हणून टर्म इन्शुरन्सच्या अर्जात जोखमीच्या छंदांचा प्रश्न आला तिथे मी ‘हो’ लिहिलं. बऱ्याच जणांचं तिथे ‘नाही’ असतं. ट्रॅकवर जाणं चूक नाही असं मला वाटतं. त्या रकान्यात ‘नाही’ लिहून जाणं चूक आहे, कारण त्यात धोका तुम्ही घेता आणि बिल घरच्यांच्या नावाने फाडता.

कुणी म्हणेल, एवढा विचार करायचा तर घरी बसावं. नाही. पहिल्या सेशनच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीत एक अवस्था येते. डोळे पुढच्या वळणाच्या शेवटाकडे असतात, हात आत्ताच्या वळणात, आणि डोक्यातला तो अखंड बडबडणारा माणूस गप्प होतो. आठवड्यातून पन्नास तास स्लॅकच्या टिंगटिंगीत जगणाऱ्याला हे काय आहे ते सांगायला नको. पण ही चीज धोक्यातून येते का? धोक्यातून येत असती तर अँब्युलन्स हटवल्यावर मजा वाढली असती. ज्याला तसं वाटतं असा माणूस मला अजून भेटलेला नाही. मजा एकाग्रतेची आहे, धोका ही तिची किंमत आहे. आणि किंमत कमी करता येत असेल तर वस्तूचं मोल घटत नाही.

किंमत वाढवणारी एक गोष्ट मात्र आपणच खिशात घालून नेतो. इंग्लंडमधल्या ट्रॅक डेंना सहसा वेळ मोजायला मनाई असते. घड्याळ लावलं की विमा कंपनीच्या दृष्टीने ती शर्यत होते, हे एक कारण. दुसरं कारण मला जास्त पटतं. आकडा समोर आला की शिकायला आलेला माणूस आकडा हलवायला लागतो. मोजमाप हेच ध्येय झालं की ते चांगलं मोजमाप राहत नाही, हा गुडहार्टचा नियम आमच्या कंपनीत दर तिमाहीला सिद्ध होतो. आता तर फोनमधलं जीपीएस अॅप प्रत्येक फेरीची वेळ शतांश सेकंदापर्यंत सांगतं. दिवसाच्या शेवटच्या सेशनमध्ये, दमलेल्या मनगटांनी, तापून घसरट झालेल्या टायरवर, ‘फक्त दोन दशांश राहिलेत’ म्हणत जे होतं, त्याला खेळातला धोका म्हणायला मी तयार नाही. माझा फोन पिटमध्ये बॅगेत असतो आणि शेवटचं सेशन मी सोडून देतो. मित्र हसतात. हसू देत.

यंदाच्या ट्रॅक डेची तारीख ठरली तेव्हा आईने फोनवर नेहमीचा प्रश्न विचारला, ‘सेफ असतं ना रे ते?’ मी ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणालो, ‘रस्त्यावर दुसऱ्याला लागायची भीती जास्त, तिथे मला.’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘आणि लागलं तर तुला नेणार कुठे?’ चार ट्रॅक डेंत हा प्रश्न मी आयोजकांना विचारला नव्हता. त्या रात्री मेल टाकला: अँब्युलन्स किती, एक गेली तर सेशन थांबतं का, हॉस्पिटल कुठलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं तासाभरात आली. तिसऱ्याला दोन दिवस लागले. नाव आलं तसं मी घरच्या ग्रुपवर टाकलं. बाबांनी ते मॅपवर शोधलं आणि ट्रॅकपासून किती मिनिटं लागतात त्याचा स्क्रीनशॉट पाठवला, दुपारच्या ट्रॅफिकमधला.